ताटात बघू नये

तेलगावला बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते एकत्र येतात. जवळच साखर कारखाना. अशा फाट्यावरच्या हॉटेलात लेकरांना घेऊन बसलं की आई-बापांची एकच धडपड: सांडू नको, ओरडू नको, लोक बघतायत. यात लोकांची भीती शिकवली जाते, रीत नाही. पाणी सांडलं तर खरा प्रश्न एवढाच, की ते पुसणार कोण?

पूर्वी पुसायला बऱ्याचदा एखादा बारक्या असायचा, जेवणाऱ्या लेकराच्याच वयाचा. 14 वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांवर कामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली. 2016 च्या दुरुस्तीने ती, घरच्या धंद्यातली मदत वगैरे अपवाद सोडून, सगळ्याच कामांना लागू झाली. पण 'ए बारक्या' ही हाक काही कायद्याने जात नाही. आता ती वीस वर्षांच्या पोराला मारतात, कधी पन्नाशीच्या माणसालाही. चमचा कसा धरायचा हे लेकरू विसरेल. बापाने हाक कशी मारली हे विसरणार नाही.

'दुसऱ्याच्या ताटात बघू नये' हेही आपण शिकवतो. आपलं ताट भरलेलं आहे, असं धरूनच. दिवाळीच्या आसपास बीडमधून ऊसतोड कुटुंबं निघतात, लेकरांसकट. वाटेत थांबलेल्या गाडीतलं पोर आपल्या ताटाकडे बघत असेल, तर ते वाईट वळणाचं? मला नाही वाटत. आपलं लेकरू विचारतं, "त्याला का नाही?" आपण म्हणतो, "गप जेव." ही जेवायची रीत झाली, की न बघायची?