माथ्यावरचा गिअर

पंढरपूरचे एक चुलते-पुतणे दहाचाकी ट्रकवर होते. चुलत्याचं आयुष्य स्टिअरिंगवर गेलेलं, पुतण्याला अवजड वाहनाचा परवाना नुकताच मिळालेला. कार्तिक वद्यातले दिवस. साखरेची पोती भरून ते पुण्याला निघाले. नातेपुते, फलटण, लोणंद, जेजुरी असा आषाढी वारीचाच रस्ता उलटा धरून सकाळी सासवड ओलांडलं आणि झेंडेवाडीला, दिवे घाटाच्या माथ्यावर आले. गाडी पुतण्याच्या हातात होती.

"घे बाजूला," तात्या म्हणाले.

"का हो तात्या? रस्ता मोकळा हाय. शेठचा दोनदा फोन आला."

तात्या खाली उतरले. टायर पाहिले, प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन ब्रेकचा ड्रम तापलाय का ते पाहिलं, पोत्यांवरचे दोर ओढून बघितले. परत वर चढून ब्रेकच्या हवेच्या काट्यावर नजर टाकली. मग म्हणाले, "आता दुसरा टाक आणि पार खाली जाईपर्यंत तोच ठेव. ही भरलेली गाडी घाट ज्या गिअरात चढली असती, त्याच गिअरात उतरवायची."

"दुसऱ्यात? लई वेळ जाईल. न्यूट्रल केली तर डिझेल तरी वाचंल."

तात्यांचा आवाज चढला. "न्यूट्रल केलीस की इंजिननं गाडी सोडली. मग सगळा भार ब्रेकवर. मालासकट साडेअठ्ठावीस टन वजन कायद्यानंच चालतं हिला. एवढं ओझं नुसत्या ब्रेकवर धरलं की ड्रम तापतो, तापून फुगतो, लायनर त्याला धरत नाही. तू घाबरून पाय मारत राहणार आणि दर वेळी टाकीतली हवा कमी होणार. उतारावर गेल्यावर गिअर खाली घ्यायला गेलास आणि पडला नाही, तर गाडी न्यूट्रलच झाली म्हण. घाटात शिरून वेग कमी करायचा नसतो बाबा, वेग कमी करून घाटात शिरायचं असतं."

पुतण्यानं दुसरा टाकला. वेग थोडा वाढला की ब्रेक एकदाच नीट दाबायचा, वेग उतरला की पाय काढायचा, टेकवून ठेवायचा नाही, हे तात्यांनी वाटेत पुन्हा बजावलं. मागून हॉर्न वाजत होते, गाड्या पुढे जात होत्या. आषाढीत माऊलींचा रथ हाच घाट चढतो तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ आपलं ओझं आपणच सांगतो, म्हणून तिथं सगळेच जपतात. उतारावर तेच ओझं गप्प बसतं, आणि माणूस बेफिकीर होतो.

एका वळणाशी समोर दिंडी दिसली. भगव्या पताका, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, टाळ-मृदंग. कार्तिकी झाल्यावर संत नामदेवांची पालखी पंढरपूरहून आळंदीला, ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधी सोहळ्याला जाते, ती याच वाटेनं. सगळ्यांच्या पाठी ट्रककडे होत्या. मागं वळून कुणीच पाहिलं नाही.

गाडी हलक्या ब्रेकवर थांबली. पुतण्याचा हात हॉर्नकडे गेला.

"नको," तात्या म्हणाले. "१९ नोव्हेंबर २०१९. याच घाटात, याच दिंडीत, ब्रेक निकामी झालेला जेसीबी घुसला होता. नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास गेले त्यात. आपल्या गावचं माणूस." थोडं थांबून ते म्हणाले, "या लोकांना आपली गाडी दिसत नाही. त्यांच्या वाटणीचं बघणंही आपल्यालाच करायचंय."

पुतण्यानं हात मागे घेतला. दिंडी सरकली तशी त्यानं अंतर राखून गाडी हळूहळू सोडली. तेवढ्यात शेठचा फोन पुन्हा वाजला. तात्यांनी उचलला आणि काय सांगू म्हणून पुतण्याकडे बघितलं.

रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "सांगा, दिंडीच्या मागनं येतोय. खाली वडकीपर्यंत गाडी पुढं काढणार नाही."