परतणाऱ्याचें दुहेरी मन

(वाचण्याचा भाग : उत्पत्ति, अध्याय ३१ ते ३३)



याकोब परदेशीं गेला तेव्हां त्याच्या हातीं काठीखेरीज कांहीं नव्हतें. वीस वर्षांनीं तो परत निघाला तेव्हां बायकामुलें, दासदासी व कळप यांच्या दोन टोळ्या झाल्या होत्या. परत जाण्याची आज्ञा देवानेंच दिली होती. तरी त्याचें मन दुहेरी झालें. जेथें मुलेंबाळें झालीं ती भूमि मागें राहिली. पुढें, ज्याला फसविलें तो भाऊ एसाव होता. याकोब भ्याला, पण तें भय पोटांत न दडवितां त्यानें देवापुढें ओतलें.

अशा परतीची एक गोष्ट आपल्या शेजारचीच आहे. मांडवगण फराट्याहून भीमा ओलांडली म्हणजे दौंड तालुका लागतो. त्यांतील केडगांवचें मुक्ति मिशन कोणास ठाऊक नाहीं? तें स्थापणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ सालीं विलायतेस गेल्या. तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथील मित्रांनीं १८८७ सालीं बोस्टन शहरीं मंडळ स्थापून दहा वर्षें साहाय्य करण्याचें वचन दिलें. असा स्नेह सोडून येणें सोपें नव्हे. आणि इकडे तर, विधवा व त्यांत धर्मांतर केलेली, अशा स्त्रीस लोकनिंदा ठरलेलीच होती. तरी १८८९ च्या फेब्रुवारींत त्या मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजीं त्यांनीं शारदासदन उघडलें. परदेशीं लाभलेलें प्रेम त्यांनीं येथील विधवांच्या पदरीं घातलें.

आजही आपल्यांतील कोणी पोटासाठीं दूरदेशीं जातो. तेथून निघतांना त्याचे डोळे भरून येतात, आणि गांवची वेस दिसतांच छाती धडधडते. बंधो, हें पाप नव्हे. जेथें देवानें भाकर दिली त्या ठिकाणासाठीं रडणें ही कृतज्ञताच होय. परंतु परदेशाची थोरवी सांगून गांवास तुच्छ लेखणें हें पाप आहे; आणि घरच्यांनीं त्याच्या पेटीकडे पाहून त्याच्या मनाकडे न पाहणें, हेंही पाप आहे. एसाव धांवत येऊन भावाच्या गळां पडला. पुढें पाठविलेले कळप त्यानें आधीं नाकारिले. भाऊ मिळाला, एवढें त्याला पुरे होतें.

उपदेशक बंधूंनो, परतलेल्याच्या घरीं जा, त्याची हकीकत ऐका, त्याच्यासह गुडघे टेका. जो प्रभु त्याला घेऊन गेला तोच त्याला घेऊन आला आहे. त्याचें दुहेरी मन प्रभूच्या हातीं एक होवो. आमेन.