मासा काही देणं लागत नाही

गळाने मासे पकडणाऱ्याच्या वाट्याला भाकड काळ येतोच. गाय भाकड होते तसं पाणीही भाकड होतं. खाडी तीच, रॉड तोच, गेल्या वर्षी ज्या ल्यूरवर तांबोशी तुटून पडली होती ते ल्यूरही तेच, आणि चार-चार तास दोरीला साधा धक्कासुद्धा नाही. एखादा रविवार असा गेला तर माणूस हसून सोडून देतो. तिसऱ्या रविवारी दोरी बदलतो. पाचव्या रविवारी ग्रुपवर दुसऱ्या कुणाचा तरी हातभर जिताड्यासोबतचा फोटो येतो. आपण अंगठ्याने लाइक देतो आणि मनात शिव्या. या हिवाळ्यात माझा असा पट्टा ९ रविवारांचा झाला. जागा रेवदंड्याची खाडी, जिथे कुंडलिका समुद्राला मिळते. पनवेलहून अंधारात बाइक काढायची, उजाडताना पहिला कास्ट टाकायचा, ऊन डोक्यावर आलं की परत फिरायचं. आई दारातच विचारते, "मग, बाजारातून आणू का?"

अशा वेळी काय करावं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. जागा बदला, ल्यूरचा रंग बदला, रीळ हळू फिरवा, लहान ध्येयं ठेवा, हार मानू नका. यातलं निम्मं उपयोगी आहे. पण मला जो प्रश्न छळत होता तो त्यात कुठेच नव्हता. जे मिळत नाहीये त्याची इच्छा किती दिवस धरून ठेवावी? आणि ती धरून ठेवताना आपण नक्की कुणाकडे काय मागत असतो? माझा रूममेट एमपीएससीचा चौथा अटेम्प्ट देतोय. त्याला हे ऐकवलं तर म्हणाला, "तुझे ९ रविवारच गेलेत ना?" मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

या प्रश्नाचं सगळ्यात लोकप्रिय उत्तर असं: मासा महत्त्वाचा नसतोच रे, ती शांतता, ते पाणी, तो सूर्योदय महत्त्वाचा. बरेच अँगलर हे मनापासून बोलतात. परंपराही जुनी आहे. आयझॅक वॉल्टनचं 'द कम्प्लीट अँगलर' १६५३ साली आलं, आणि त्याच्या उपशीर्षकातच मासेमारीला चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हटलेलं आहे. मला हे उत्तर पटत नाही, आणि त्याचं कारण मासा आहे. कवी बायरनलाही ते पटलं नव्हतं. 'डॉन जुआन'मध्ये त्याने वॉल्टनला क्रूर म्हणून झोडपून काढलंय. २००३ साली लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असतात. माशाला 'दुखतं' म्हणजे आपल्यासारखंच दुखतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण गळ लागलेला मासा ज्या ताकदीने दोरी ओढतो ती ताकद हातात जाणवल्यावर त्याला काहीच होत नाही असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. जर्मनीच्या प्राणीकल्याण कायद्यात सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही. म्हणून तिथे खाण्यासाठी मासा पकडणं चालतं, पण निव्वळ मजेखातर पकडून सोडून देणं अडचणीत येतं. आपल्याला उलट वाटतं, सोडून देणारा अधिक दयाळू. जर्मन कायदा विचारतो, मग पकडलास कशाला?

शांतताच हवी असेल तर हूक कशाला हवा? एका रविवारी मी हे करूनच पाहिलं. ल्यूरचे दोन्ही हूक काढून टाकले आणि तसाच कास्ट करत राहिलो. पाणी तेच, खंड्या तोच, पुलावरून जाणारी पहिली एसटीही तीच. वीस मिनिटांत कंटाळून मोबाइल काढला. म्हणजे माझी एकाग्रता, माझी ती तथाकथित शांतता, हुकाच्या टोकाला बांधलेली होती. मासा लागण्याची शक्यता काढून घेतली की खाडी म्हणजे नुसता देखावा उरतो. तेव्हा 'मासा महत्त्वाचा नाही' ही भाकड काळात मनाला लावलेली मलमपट्टी आहे. ती माशाच्या बाजूने पाहिली तर जरा निर्लज्जही आहे. ज्याच्या तोंडात आपण लोखंड अडकवणार, तो महत्त्वाचा नाही असं कसं म्हणता येईल?

दुसरं उत्तर घरातच मिळतं. कुणीतरी काका गीता काढतात: कर्म कर, फळाची अपेक्षा ठेवू नकोस. गीतेशी माझं भांडण नाही, पण हे वाक्य ज्या सहजतेने आपल्याकडे नापास झालेल्या मुलांच्या आणि प्रमोशन हुकलेल्या माणसांच्या अंगावर फेकलं जातं त्याच्याशी आहे. अपेक्षेशिवाय कास्ट टाकताच येत नाही. ल्यूर पाण्यात पडतं, तळाला टेकतं, मनगट एकदा हलतं, आणि त्या क्षणी अख्खा माणूस दोरीच्या टोकाला काहीतरी होईल म्हणून कान लावून बसलेला असतो. ही अपेक्षा बंद केली तर चावा कळणारच नाही. इथे मासेमारीत अपेक्षा हा मनाचा दोष नसतो, ते काम करायचं इंद्रिय असतं.

पण मूळ श्लोकात शब्द अधिकाराचा आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. अपेक्षा वेगळी, हक्क वेगळा. पहिल्या-दुसऱ्या रविवारी माझी अपेक्षा होती: आज लागेल बहुतेक. सहाव्या रविवारी तिचं रूपांतर झालं होतं: आता तरी लागलाच पाहिजे. इतकं पेट्रोल जाळलं, इतकी झोप मोडली, हजाराचं ल्यूर खडकात तुटलं. मनात एक खतावणी उघडली गेली आणि खाडीच्या नावावर थकबाकी चढत गेली. चिडचिड होते ती रिकाम्या हातांमुळे नव्हे, या थकबाकीमुळे. तिकडे माशाला या हिशेबाचा पत्ताही नाही. तो भरतीबरोबर आत येतो, भूक असेल तर खातो, नसेल तर नाही.

ही थकबाकी किती बिनबुडाची आहे हे साध्या गणितानेही कळतं. समजा, चार फेऱ्यांत एकदा मासा लागतो. माझा अनुभव साधारण तेवढाच आहे. मग सलग ९ फेऱ्या रिकाम्या जाण्याची शक्यता शंभरात सात-आठ. कमी वाटते? पण जो वर्षातले पन्नास रविवार जातो त्याला वर्षातून एखादा असा पट्टा लागणं यात नवल काहीच नाही. शिवाय दहाव्या रविवारी शक्यता चारात एक अशीच राहते. आधीचे ९ रविवार तिच्यात भर घालत नाहीत आणि कमीही करत नाहीत.

हे कळलं तरी वळत नाही, त्याचं कारण स्किनरच्या कबुतरांनी दाखवून ठेवलंय. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाला दिसलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, बेभरवशाने मिळालं तर ते काम प्राणी जास्त चिवटपणे करत राहतो. जुगाराचं मशीन यावरच चालतं, आणि तुमच्या हातातला फोनही बऱ्याच अंशी. त्याचा १९४८ सालचा दुसरा प्रयोग मला अधिक लागू पडतो. भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने दाणे मिळत, मग ती काही करोत वा न करोत. आठांपैकी सहा कबुतरं थोड्या दिवसांत काहीतरी विधी करू लागली. एक गोल गोल फिरे, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसे. दाणे आले तेव्हा योगायोगाने जे चाललं होतं तेच जणू दाण्यांचं कारण. माझ्या ओळखीचा एक इंजिनिअर गेली दोन वर्षं तीच निळी टोपी घालून येतो, आणि केळं आणलेल्या माणसाला शेजारी उभा राहू देत नाही. भाकड काळात आपण सगळे ते कबुतर होतो. म्हणून मला 'चिकाटी' या शब्दाबद्दल थोडा संशय आहे. जुगाऱ्याकडेही चिकाटी असतेच.

मग अँगलर आणि जुगारी यांच्यात फरक काय? मला सापडलेला फरक एकच: मशीनमध्ये शिकण्यासारखं काही नाही, पाण्यात आहे. आमच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करा म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती आणि पाण्याला उधाण. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी धड चढत नाही की उतरत नाही. तांबोशीला हवं असतं उतरतं, ओढ असलेलं पाणी. ओहोटी लागली की खारफुटीतली बारीक मासळी नि कोळंबी चिंचोळ्या नाळेतून बाहेर पडते आणि तांबोशी नाळेच्या तोंडाशी दबा धरते. आता माझ्या सुट्टीचा वार कंपनीने ठरवलाय, चंद्राने नाही. दर सात दिवसांनी भरतीची वेळ साधारण पावणेसहा तासांनी सरकते. त्यामुळे घड्याळात तेच पहाटेचे सहा, पण एका रविवारी उधाणाची पूर्ण ओहोटी, पुढच्या रविवारी भांगाची भरती. मी ज्याला 'तीच खाडी' म्हणत होतो ती ९ रविवार ९ वेगळ्या खाड्या होती. हे वहीत लिहायला लागल्यापासून रिकामी सकाळही पूर्ण रिकामी जात नाही. कुठे पाण्याची ओढ मोडते, कुठे बोयांचा थवा अचानक उसळतो, कुठे बगळा रोज तासभर उभा असतो. मासा मिळाला तर माणूस फोटो काढतो आणि घरी जातो. नाही मिळाला तरच बगळ्याकडे बघतो.

पण हे सगळं कौतुक मी एका गोष्टीपाशी थांबवतो. त्याच काठावर पाग टाकणारे एक काका असतात. मी जमिनीवरून रॉड फिरवत असतो, ते कमरेएवढ्या पाण्यात. एका सकाळी त्यांच्या पिशवीत दोन बोय होते. "एवढंच का काका?" म्हटलं तर म्हणाले, उद्यापासून आठवडाभर रंगकामाला जातोय, इथे पोट भरत नाही. माझ्या चिकाटीचा खर्च पेट्रोलचा, त्यांच्या चिकाटीचा घरखर्चाचा. त्यांना 'हार मानू नका' म्हणणारा व्हिडिओ दाखवायची कुणाची हिंमत होईल? ते रंगकामाला गेले यात मोटिव्हेशन कमी पडलं असं काही नाही. सोडून देणं हाही कधीकधी डोळे उघडे ठेवून केलेला हिशेब असतो, आणि टिकून राहणं ही सवड असलेल्यांची चैन.

त्यांचं म्हणणं आहे की मासाच कमी झाला. माझ्या ९ रविवारांवरून असं काही सिद्ध होत नाही. पण ते चाळीस वर्षं हेच पाणी बघतायत, त्यांच्या शब्दाला वजन आहे. आणि तसं असेल तर माझा भाकड काळ ही माझ्या कौशल्याची किंवा नशिबाची गोष्टच उरत नाही. मग 'मी कसा टिकून राहू' याआधी 'मी इथे गळ टाकावा का' हा प्रश्न येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. माझा रॉड त्या बंदीत बसत नाही, पण त्या दोन महिन्यांत तो माळ्यावर ठेवायचं मी ठरवलंय. जिताड्याचं तर आणखी वेगळं: तो जन्माला नर म्हणून येतो आणि काही वर्षांनी मादी होतो, म्हणजे ज्याच्यासोबत फोटो काढावासा वाटतो तो मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असते. तिला सोडायला हवं. मग मी खाण्यासाठीच पकडतो, या माझ्या म्हणण्याचं काय? जर्मन कायद्याला मी काय सांगू? हे मला अजून सुटलेलं नाही.

येता रविवार पंचमीचा आहे. पावणेचारला भरती, म्हणजे उजाडताना पाणी उतरतं असेल. वहीत नाळेची जागा लिहून ठेवलीय. लागला तर बघू.