आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास आणि स्वदेशनिष्ठा

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मुलानें अथवा मुलीनें वैद्यक किंवा अभियांत्रिकी शिकावयाचें म्हटलें, तर वडीलधाऱ्यांस त्याचें कारण विचारावेंसें वाटत नाहीं. पण आंतरराष्ट्रीय संबंध व आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय घेण्याचा मनोदय कोणी बोलून दाखविला कीं, घरांतील एखादे अनुभवी गृहस्थ 'बळी तो कान पिळी' ही म्हण ऐकवून मोकळे होतात. जो कायदा मोडल्याबद्दल बलाढ्य राष्ट्रास शासन होत नाहीं, तो कायदा कसला, आणि त्याच्या अभ्यासांत उमेदीचीं वर्षें घालवावयाचीं तरी कशाला? हा आक्षेप अडाणीपणाचा आहे असें कोणी म्हणूं नये. ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली, ता. १६ मार्च रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ती लष्करी कारवाई थांबविण्याचा आदेश तेरा विरुद्ध दोन मतांनीं दिला. आणि युद्ध पुढें चालूच राहिलें.

या आक्षेपास एक ठराविक उत्तर देण्यांत येतें, व तें खोटें नाहीं. पुण्यास टाकलेलें पत्र आपल्याच देशाच्या तिकिटावर कॅनडांतील घरीं पोहोंचतें, याचें मूळ १८७४ सालीं स्थापन झालेल्या टपालसंघांत आहे. विमानें परक्यांच्या आकाशांतून जातात, राजदूतांस अभय असतें. हे नियम रोज पाळले जातात म्हणूनच ते आपल्या ध्यानांत येत नाहींत. परंतु एवढ्यानें त्या गृहस्थांचें समाधान व्हावें असें मला वाटत नाहीं. त्यांची शंका टपालाविषयीं नसून न्यायाविषयीं आहे. आणि तिच्या पोटांत दुसरीहि एक शंका दडलेली असते, ती ते बोलून दाखवीत नाहींत. हा विषय शिकून आपलें मूल स्वदेशाचा अधिक निष्णात वकील होणार, कीं स्वदेशाकडेहि परक्याच्या नजरेनें पाहणारा पंच होणार?

वकिलीचा डाग तर या शास्त्राच्या अंगावर जन्मापासूनच आहे. ज्या ह्यूगो ग्रोशियसास या शास्त्राचा जनक म्हणतात, त्या डच पंडिताचा समुद्रस्वातंत्र्यावरील ग्रंथ १६०९ सालीं प्रसिद्ध झाला. पण त्याचें मूळ होतें १६०३ सालीं डचांनीं पकडलेल्या सांता कातारीना नांवाच्या पोर्तुगीज जहाजाच्या लुटीचें समर्थन करण्यांत. म्हणजे एका व्यापारी कंपनीची बाजू मांडण्यासाठीं हातीं घेतलेली लेखणी ती! मौज अशी कीं, पोर्तुगीजांस खोडून काढण्याच्या भरांत त्यानें एक फार मोठें सत्य लिहून ठेवलें: पूर्वेकडील लोकांस स्वतःचे राजे व स्वतःचे कायदे आहेत, तेव्हां 'आम्हीं शोध लावला' एवढ्या सबबीवर तो मुलूख पोर्तुगालचा होत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील युरोपियन पंडितांना या वचनाचा विसर पडला व त्यांनीं हा कायदा 'सुसंस्कृत' राष्ट्रांपुरता आंखून घेतला. त्या काळाची खूण म्हणून न्यायालयाच्या घटनेच्या ३८ व्या कलमांत 'सुसंस्कृत राष्ट्रें' हे शब्द अजूनहि उभे आहेत. विद्यार्थ्यानें ते वाचतांना थोडें थांबावें.

आमच्या मतें या अभ्यासाचा कस पाहावयाचा असेल, तर ज्या खटल्यांत आपला देश प्रतिवादी होता तो खटला घ्यावा. आपल्या सुदैवानें असा एक खटला आहे, आणि त्याचा धागा थेट पेशवाईपर्यंत जातो. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत दादरा व नगरहवेली येथील पोर्तुगीज सत्ता उलथून पडली. सुधीर फडके यांच्यासारखे मराठी कलावंतहि त्या लढ्यांत होते, हें सर्वश्रुत आहे. हीं दोन्ही ठिकाणें चोहोंकडून भारतीय मुलखानें वेढलेलीं. दमणहून तेथें जावयाचें तर भारताच्या भूमीवरूनच जावें लागे, आणि भारतानें ती वाट बंद केली होती. पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघांत शिरलें, आणि त्याच महिन्यांत त्यानें भारतावर फिर्याद गुदरली. वाटेचा हक्क हा तिचा विषय.

पोर्तुगालचा मुख्य आधार कोणता? तर पुणें दरबाराशीं १७७९ सालीं झालेला तह, आणि मागाहून १७८३ व १७८५ सालीं मिळालेल्या सनदा. येणेंप्रमाणें हेगच्या शांतिप्रासादांत बसलेल्या पंधरा न्यायमूर्तींपुढें 'जहागीर' व 'सरंजाम' या शब्दांचा अर्थ काय, हा वाद उभा राहिला! न्यायालयानें निर्वाळा दिला कीं, पेशव्यांनीं दिलें तें सालीना बारा हजार रुपयांचें उत्पन्न. राज्य दिलें नाहीं. मराठ्यांना सार्वभौमत्व द्यावयाचें असे तेव्हां ते कायमच्या दानाचे स्पष्ट शब्द वापरीत, तसे शब्द येथें नव्हते. सरंजाम म्हणजे वतनाचा मालकीहक्क नव्हे, हें आपल्या आजोबांना न शिकतां ठाऊक होतें. तेंच ठरविण्यास जगाचें न्यायालय लागलें.

येथवर वाचून मराठी वाचकाची मान ताठ होईल. पण निकालपत्राचें पुढचें पान उलटावें लागतें. इंग्रजांनीं पेशवाई बुडविल्यावर त्यांना तीं गांवें पोर्तुगीजांच्या पूर्ण अंमलाखालीं आढळलीं. तो अंमल त्यांनीं निमूटपणें चालूं दिला. पुढें स्वतंत्र भारतानेंहि त्यास हरकत घेतली नाहीं. सबब मूळच्या सनदेंत नसलेलें सार्वभौमत्व पोर्तुगालला या मौनांतून प्राप्त झालें, असें न्यायालयानें मानलें. ता. १२ एप्रिल १९६० च्या निकालाप्रमाणें खासगी माणसें, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला १९५४ सालीं होता, हें अकरा विरुद्ध चार मतांनीं ठरलें. शिपाई, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांच्यासाठीं तो नव्हता, हें केवळ आठ विरुद्ध सात मतांनीं. आणि त्या धामधुमींत वाट बंद करण्यांत भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं, हें नऊ विरुद्ध सहा मतांनीं.

आपल्याकडे हा खटला 'आपण जिंकला' एवढ्याच शब्दांत सांगितला जातो. पोर्तुगालमध्यें तो 'आमचा हक्क सिद्ध झाला' असा सांगितला गेला असल्यास नवल नाहीं. ज्याला हा विषय खरोखर शिकावयाचा आहे, त्याला दोन्ही वाक्यें अपुरीं वाटलीं पाहिजेत. भारतानें नेमलेले न्यायमूर्ति महंमदअली करीम छागला आणि पोर्तुगालनें नेमलेले न्यायमूर्ति फर्नांडिस या दोघांनींहि बहुमताविरुद्ध मतपत्रें लिहिलीं, प्रत्येकानें आपापल्या देशाच्या बाजूनें. यांत कोणाच्या सचोटीवर संशय घेण्याचें कारण नाहीं. शहाणा व प्रामाणिक मनुष्यहि आपल्या घरच्या कागदांत अधिक अर्थ वाचतो. उलट उदाहरणहि आहे. २०२२ च्या मार्चांत राष्ट्रसंघाच्या आमसभेंत भारत सरकार रशियाविरुद्धच्या ठरावावर तटस्थ राहिलें. त्याच महिन्यांतल्या, वर सांगितलेल्या आदेशास संमति देणाऱ्या तेरांत न्यायमूर्ति दलवीर भंडारी हे भारतीय गृहस्थ होते. तेवढ्यावरून त्यांची देशभक्ति कमी ठरत नाहीं.

मला या निकालांत खुपतें तें निराळेंच. वारली, धोडिया, कोकणा या लोकांचीं तीं गांवें. पेशव्यांनीं त्यांचें उत्पन्न दिलें, इंग्रजांनीं मौन पाळलें, पोर्तुगीजांनीं वाट मागितली. पण त्या गांवांतल्या मनुष्यास कोणता अंमल हवा होता, हा प्रश्न त्या दाव्यांत कोणी विचारलाच नव्हता. दाव्यांत नसलेल्या प्रश्नाचें उत्तर न्यायालयानें दिलें नाहीं, हा न्यायालयाचा दोष म्हणतां येत नाहीं. दोष असलाच तर त्या जुन्या समजुतीचा, कीं मुलूख हा राजांच्या आपसांतील कागदांचा विषय आहे. ही समजूत कशी बनली व कशी ढिली झाली, हें शिकविणारें दुसरें शास्त्र विद्यापीठांत नाहीं, आणि मुलीला हा विषय घेऊं द्यावा असें मी म्हणतों तें एवढ्याचसाठीं. निकालानंतर आठ महिन्यांनीं, ता. १४ डिसेंबर १९६० रोजीं, आमसभेनें वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला, तेव्हां ती गांठ पुष्कळच सुटली.

आतां अवघड भाग. १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्यानें गोवा मुक्त केला. सुरक्षा समितींत सैन्य परत घेण्याविषयींच्या ठरावास सात मतें अनुकूल पडलीं, चार प्रतिकूल. रशियाच्या नकाराधिकारानें तो पडला. पोर्तुगालनें गोव्यावरील भारताचें सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरीच्या करारानें मान्य केलें. गोवा मुक्त झाला हें न्याय्यच झालें, याविषयीं माझ्या मनांत तिळमात्र संदेह नाहीं. चौदा वर्षें वाटाघाटीस नकार देणाऱ्या सालाझारशाहीपुढें आणखी किती विनवण्या करावयाच्या होत्या? परंतु राष्ट्रसंघाच्या सनदेचें दुसरें कलम वाचणाऱ्या विद्यार्थिनीनें, त्यांतील बळाचा वापर न करण्याच्या नियमास गोव्याचा अपवाद लिहिलेला आहे, असें म्हणूं नये. आपली बाजू अशी मांडण्यांत आली कीं, १५१० सालचें मूळ आक्रमण तेव्हांपासून चालूच होतें, व वसाहतवाद्याच्या ताब्यास हद्द म्हणतांच येत नाहीं. हा युक्तिवाद मनाला पटतो. पण त्यानंतर दहाच महिन्यांनीं, ता. २० ऑक्टोबर १९६२ रोजीं, चीनचें सैन्य हिमालय ओलांडून आलें. साम्राज्यवादी इंग्रजांनीं ओढलेली मॅकमहोन रेषा आपणांस बंधनकारक नाहीं, हें चीनचें म्हणणें होतें. आणि त्या वेळीं आपण ठाम उत्तर दिलें कीं, ठरलेली सरहद्द शस्त्रानें बदलतां येत नाहीं.

दोन्ही प्रसंगीं आपण मनापासून बोललों. गोव्यांतल्या मनुष्यावर परकी सत्ता त्याच्या इच्छेविरुद्ध बसली होती आणि तवांगच्या मनुष्यावर तशी नव्हती, असा भेद दाखवितां येतो, व मला तो खरा वाटतो. परंतु तो भेद सनदेच्या शब्दांत नाहीं. तो माणसांच्या संमतीवर उभारावा लागतो. आणि एकदां तो तसा उभारला, कीं आपल्याला गैरसोयीच्या ठिकाणींहि कोणी तोच प्रश्न विचारला असतां त्याचें तोंड बंद करतां येत नाहीं. मुलगी हा विषय शिकून सुटीत घरीं येईल व जेवतांना असेंच कांहीं बोलेल. त्या वेळीं वडिलांनीं तिला म्हण ऐकवूं नये, तिचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें आणि मग हवा तेवढा वाद घालावा.