संशोधनाचा परतीचा रस्ता

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचं खोरं हादरलं. भूकंपाची तीव्रता होती ६.३. सुमारे १८० माणसं दगावली. कोयनानगर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची दगडमातीची घरं कोसळली. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीचा उतार जिथे बदलतो, नेमक्या त्या पातळीवर आडव्या भेगा पडल्या. धरण टिकलं, पण दख्खनच्या पठाराला भूकंपाचं भय नाही, हा समज त्या पहाटे कायमचा ढासळला.

धरणातच बसवलेल्या यंत्रानं त्या हादऱ्यांची नोंद टिपली होती. ही नोंद आजही जगभरातल्या धरण अभियंत्यांच्या अभ्यासाचा पाया आहे. काँक्रीटचं धरण भूकंपात कसं वागतं, हे संगणकावर ताडून पाहायचं असेल तर विद्यार्थ्याला बहुधा कोयनेचंच उदाहरण दिलं जातं. धरणांची रचना करताना भूकंपाचा विचार किती खोलात जाऊन करायचा, याच्या कसोट्या कोयनेनंतर बदलल्या. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध हा तर भूशास्त्रातला स्वतंत्र विषयच झाला. जलाशय भरू लागला तेव्हापासून धक्के जाणवू लागले आणि ते अजून थांबलेले नाहीत. ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के या परिसरानं सोसले आहेत. भूकंप जिथे जन्मतो तिथल्या खडकात शिरून पाहावं, म्हणून २०१७पर्यंत इथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. महाराष्ट्रानं जगाच्या ज्ञानात टाकलेली ही मोठी भर आहे आणि तिचा आपल्याला अभिमान असायला हवा.

पण त्या पहाटे धरणाबरोबर घरंही पडली होती. धरणाच्या भेगांमधून जे शिकायचं ते जग शिकलं. घरांच्या ढिगाऱ्यातून जे शिकायचं त्याचं काय झालं?

याचं उत्तर ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मिळालं. जाड दगडी भिंती, मधे मातीचा भराव, वर मातीचं जड छत आणि त्याखाली झोपलेली कुटुंबं. सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारीचा परिसर तेव्हाच्या नकाशावर भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता, त्यामुळे तिथे असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मात्र भिंतीची दोन्ही तोंडं बांधून ठेवणारे लांब दगड घातले नाहीत, खिडक्या-दारांच्या वरून सलग पट्टा फिरवला नाही, तर अशी भिंत हादऱ्यात फुटते, हे अभियंत्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. लातूर-धाराशिवच्या गवंड्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना हे शिकवलं गेलं, जुनी घरं बळकट करण्याची कामंही झाली. ज्ञान होतं, ते गावात पोहोचायला दहा हजार जीव जावे लागले.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे : संशोधनाला जाण्याचा रस्ता असतो, तसा परतीचाही असतो. ज्या माणसांकडून, ज्या जमिनीतून, ज्या दुखण्यातून माहिती घेतली, तिथे उत्तर परत पोहोचेपर्यंत संशोधन अपुरं असतं. विद्यापीठांनी जाण्याचा रस्ता प्रशस्त बांधला आहे. विषयाची नोंदणी, मार्गदर्शक, सादरीकरण, शोधनिबंध, पदवी असे त्यावर मैलाचे दगड आहेत. परतीच्या रस्त्यावर एकही दगड रोवलेला नाही.

तरीही काही माणसं त्या वाटेनं चालली. ती कशी चालली, हे पाहण्यासारखं आहे.

१९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणूस काही तासांत दगावत असे. अंगाला दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग धाप आणि फुप्फुसांत साचणारं पाणी. पाठ्यपुस्तकांत यावर फारसा आधार नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण येतो, हे त्यांनी ओळखलं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी, जी रक्तवाहिन्या सैल करते, ती वापरून पाहिली. १९८२ आणि १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं हे काम छापून आलं. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

इथे परतीचा रस्ता लांब नव्हता, कारण प्रश्न ज्या खाटेवर उभा राहिला त्याच खाटेवर उत्तर तपासलं गेलं. संशोधक आणि उपचार करणारा माणूस एकच होता. मोठं रुग्णालय, महागडी यंत्रं, परदेशी निधी यांतलं काहीही नसताना निव्वळ नीट पाहण्याच्या आणि नीट लिहून ठेवण्याच्या शिस्तीनं हे घडलं.

गडचिरोलीत हा रस्ता अधिक विचारपूर्वक बांधला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा त्यांचा अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास होता आणि त्यासाठी याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असं जगभरची धोरणं धरून चालत होती. या आकड्यांनी ती चौकट मोडली.

पुढे नवजात बाळांचा प्रश्न आला. दवाखाना दूर, रस्ता नाही, बाळंतीण घराबाहेर पडत नाही. मग उपचारच घरी नेले तर? गावातल्या कमी शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाचा श्वास मोजणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडल्यास इंजेक्शन देणं हे त्या शिकल्या. ३९ गावांत हा प्रयोग झाला, ४७ गावं तुलनेसाठी घेतली गेली. १९९९च्या निबंधानुसार नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. याच पद्धतीच्या आधारे २०११पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात. गावातून निघालेला प्रश्न उत्तर घेऊन लाखो उंबऱ्यांवर परतला, याचं हे ठसठशीत उदाहरण आपल्या विद्यापीठांच्या भिंतींवर लावायला हवं.

समुपदेशनाचं क्षेत्र याहून अवघड, कारण तिथे दुखणं दिसतच नाही. डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, अशी तक्रार घेऊन माणूस येतो आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन परत जातो. मनोविकारतज्ज्ञ इतके कमी की प्रत्येकाला ते भेटणं अशक्य. १९९६पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगत’ या संस्थेनं वेगळा प्रश्न विचारला : वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तीला नीट प्रशिक्षण दिलं तर ती नैराश्यात आणि चिंतेत असलेल्या माणसाला आधार देऊ शकेल का? डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या २४ दवाखान्यांत हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१०मध्ये आले. सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक ठामपणे दिसला नाही आणि तेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं.

मला या दुसऱ्या निष्कर्षाचं मोल फार वाटतं. उत्तर परत नेणं म्हणजे यशाची बातमी नेणं, असा अर्थ होत नाही. जे जमलं नाही तेही सांगणं हा त्या देण्याघेण्याचाच भाग आहे. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, शेतकरी आत्महत्यांच्या सावटाखाली, याच धर्तीचा ‘विश्राम’ उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं आणि त्रास असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे सहापट झालं. ज्या विदर्भाच्या दुःखावर ढिगानं अहवाल लिहिले गेले, तिथे ऐकून घेणारं माणूस अंगणात येऊन बसलं, हा त्या अहवालांपुढचा टप्पा आहे.

पर्यटन हा संशोधनाचा विषय आहे, हेच अनेकांना पटत नाही. साताऱ्याजवळचं कास पठार पाहिलं की पटतं. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती, आणि पावसाळ्याच्या अखेरीस उमलणारी सीतेची आसवं, दवबिंदू, तेरडा. सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि माणसांची रीघ लागली. बोटभर मातीवर हजारो पावलं पडली तर ती माती राहत नाही. किती माणसं, कोणत्या वाटेनं, किती वेळ, याचं उत्तर उत्साहानं देता येत नाही, त्याला मोजमाप लागतं. रोजच्या पर्यटकांवर मर्यादा, आगाऊ नोंदणी, शुल्क, आखलेल्या वाटा हे सारं त्यातून आलं. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतल्या लोकांच्या हाती व्यवस्थापन आलं, रोजगार आला.

मग पठाराला कुंपण घातलं गेलं आणि नवा वाद उभा राहिला. पूर्वी इथे गुरं चरत. चरण्यामुळे उंच गवत आटोक्यात राहतं आणि छोट्या फुलांना ऊन मिळतं, असं काही अभ्यासकांचं आणि गावकऱ्यांचं म्हणणं. गुरं थांबली तर गवत फुलांवर मात करेल, ही त्यांची भीती. फुलं वाचवण्यासाठी उचललेलं पाऊल फुलांच्याच मुळावर येत नाही ना, हे ठरवायला वनस्पतिशास्त्रज्ञ हवा, पर्यटनाचा अभ्यासक हवा, आणि त्या सड्यावर पिढ्यान् पिढ्या गुरं राखलेला माणूसही हवा. तिसऱ्या माणसाला वगळून पहिल्या दोघांनी निष्कर्ष काढला तर तो अपुराच राहील. उत्तर त्याच्यापर्यंत न्यायचं आहे, म्हणून प्रश्नही त्याच्याबरोबर बसूनच मांडायला हवा.

अशी उदाहरणं आहेत, मग ती अपवाद का राहतात? विद्यापीठांच्या व्यवस्थेकडे पाहिलं की कारण सापडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीनं प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. किती निबंध छापले, किती परिषदांत वाचले, यावर गुण. मागणी तसा पुरवठा या न्यायानं पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. त्यांतली ८८ टक्के किमान दर्जाच्या निकषांवर उतरली नाहीत. २०१८मध्ये हा अभ्यास आला आणि त्याच वर्षी आयोगानं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. ज्या निबंधाला वाचकच नाही, तो कुणाकडे परत जाणार?

तरुण संशोधकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, छात्रवृत्ती महिनोन् महिने अडकते, ज्याच्यावर घरची जबाबदारी आहे, त्याला व्यवस्था जे मोजते तेच करावं लागतं. बदल मोजपट्टीत व्हायला हवा.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळ्याच संशोधनाचा लगेच उपयोग कसा होणार? कोयनेच्या तीन किलोमीटर खोल खडकातून भूकंपाचं भाकीत उद्या हाती येणार नाही, कदाचित आणखी कित्येक दशकं येणार नाही. तरीही ते काम व्हायलाच हवं. मूलभूत संशोधनाकडे उपयोगाची पावती मागणं घातक आहे. पण आपल्या जमिनीखाली काय शोधलं जातंय, आजवर काय कळलं आणि काय कळलेलं नाही, हे कोयनेच्या खोऱ्यातल्या शाळेला मराठीत समजावून सांगणं अशक्य नाही. ज्यांच्या गावांवर पाणी आलं आणि ज्यांची घरं हलली, त्यांचा एवढा हक्क आहे. उपयोग उशिरा येवो, हिशेब वेळेवर दिला पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी ताबडतोब करता येतील. पहिली : प्रत्येक प्रबंधाबरोबर चार-पाच पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा असावा, सातवी शिकलेल्या माणसाला कळेल असा. दुसरी : ज्या गावातून, दवाखान्यातून, वस्तीतून माहिती गोळा केली, तिथे निष्कर्ष मांडल्याशिवाय पदवीची अंतिम प्रक्रिया पूर्ण होऊ नये. ग्रामसभेत विचारले गेलेले प्रश्न प्रबंधाच्या परिशिष्टात जावेत. तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक विचारतो त्यापेक्षा ते अनेकदा कठीण असतील. तिसरी : वैद्यकीय संशोधनात सहभागी लोकांना लाभाचा वाटा मिळावा, असं राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात आणि त्यावर नीतिसमितीची नजर असते. रस्ता, धरण, पर्यटन प्रकल्प यांवरच्या संशोधनालाही माणसं लागतात, त्यांचीही माहिती घेतली जाते. तिथेही हाच नियम लागू व्हावा, आणि या कामाला बढतीच्या गुणांत निबंधाइतकंच वजन मिळावं.

यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या विद्वत परिषदेनं ठरवलं तर पुढच्या जूनपासून हे सुरू होऊ शकतं. अभियांत्रिकी, वैद्यक, समुपदेशन, पर्यटन ही खाती वेगळी असतील, पण त्यांना माहिती देणारा माणूस एकच आहे. भिंतीखाली तोच झोपतो, विंचू त्यालाच चावतो, झोप त्याचीच उडते आणि त्याच्याच चराऊ रानावर पर्यटकांची वाट आखली जाते. त्यानं आपलं घर, शरीर, मन आणि रान अभ्यासासाठी खुलं केलं. त्याला उत्तर मिळणं हा संशोधकाचा उपकार नव्हे. ते संशोधकाचं अर्धं राहिलेलं काम आहे, आणि ते पूर्ण करवून घेणं ही विद्यापीठांची जबाबदारी आहे.