जुने चिरे

रत्नागिरीजवळचं आमचं आजोळचं घर सध्या नव्यानं बांधायला काढलंय. कौलं उतरवून माडाखाली रचलीत, ओटीच्या जागी वाळूचा ढीग आहे.

मे महिन्यात याच घरात आम्ही पंधरा-वीस मुलं जमायचो. माळ्यावर पेंढ्यात आंब्यांची आढी लावलेली असायची. रात्री तिचा वास माजघरात ओळीनं झोपलेल्या आमच्यापर्यंत उतरायचा. दुपारी अंगणात आंब्याची साटं वाळायची आणि राखणीला बसवलेला मुलगाच कडा तोडून खायचा. आजीला ते कळायचं. ती एवढंच म्हणायची, "यंदा कावळे फार झालेत हो!"

परवा गवंडी म्हणाला, "जुने चिरे चांगलेत, पायाला घेऊ." हे चिरे जांभ्याचे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, ऊन-वारा लागला की टणक होत जातो. आठवणींचंही तसंच. घडताना त्या नुसत्या खोड्या असतात, वर्षांचं ऊन खाऊन पक्क्या होतात.

नव्या घराला स्लॅब येईल, माळा नसेल. पण पाया त्याच चिऱ्यांचा. तुम्हीही या सुट्टीत कुणाला तरी राहायला बोलवा. अंथरुणं थोडी दाटीनं घालावी लागली, तरी चालेल.