भाड्याचे घर आणि सांडपाणी

राजस्थानात जैसलमेरचा किल्ला रावळ जैसलाने ११५६ साली वसविला. त्यात आजही माणसे राहतात. समजा, कोणी तेथे बिऱ्हाड केले. भाडे ठरले, किल्ली हाती आली. आता नळ किती सोडावा, हे विचारणारा दुसरा कोण?

सज्जनहो, पूर्वी तेथे पाणी गडीसर तलावावरून डोक्यावर घागरींनी वर येई. कष्टाचे पाणी कोण सांडतो? पुढे नळ आले, न्हाणीघरे झाली, पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या. वाळवंटातला तो किल्ला एवढ्या पाण्यासाठी बांधलेलाच नव्हता. पाणी झिरपून टेकडीत उतरले, काही बुरूज नि भिंती ढासळल्या. २०१३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. पण त्याने ओल थोडीच वाळते!

भाडेकरू म्हणेल, 'मी पैसे मोजले.' खरे. पण पैसे घरमालकाला मिळाले नि ओल शेजाऱ्याच्या भिंतीत गेली. त्याच्याशी करार कोणी केला? भोग निराळा, स्वामित्व निराळे, हे धर्मशास्त्राला ठाऊकच आहे.

'अहो, मूळचे रहिवासीही नळच वापरतात!' हा आक्षेप हलका नव्हे. परंतु त्यांचे घरच ते. नव्याने मात्र खाली गावात जागा मिळत असता हीच निवडली. तेव्हा सामान लावण्याआधी त्याने शेजारी विचारावे, आपले सांडपाणी कोठे जाते?